वस्त्र, रंग आणि आपली नदी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून धर्म, इतिहास, राजकारण आणि साहित्य यांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. त्या मानाने माझा आजचा विषय घरगुती वाटेल. पेण-रोह्याकडील एखाद्या मुलीला किंवा मुलाला कापडावर नक्षी काढून ते विकण्याचा धंदा सुरू करावयाचा आहे. नक्षी भोवतालच्या निसर्गातून घ्यावयाची आहे, आणि धंदा करताना त्याच निसर्गाला इजा होऊ द्यावयाची नाही. अशा माणसाने काय जाणून घ्यावे, कशापासून जपावे आणि आरंभ कोठून करावा, एवढाच हा विषय. परंतु त्याच्यात शिरले म्हणजे रसायन, अर्थशास्त्र, कायदा आणि नीती या सगळ्यांशी गाठ पडते. सोयीसाठी मी त्याचे चार भाग पाडतो: नक्षी, रंग, पाणी आणि हिशेब.

त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपला मुलूख भाताचा, मिठाचा आणि मासळीचा. कापडाशी त्याचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. कोकणात कापूस पिकत नाही हे खरेच आहे. परंतु रोह्यावरून वाहत गेलेली कुंडलिका समुद्राला जेथे मिळते, तेथे रेवदंडा आणि चौल आहेत. चौल हे फार जुने बंदर. तेथे विणल्या जाणाऱ्या कापडाची, विशेषतः रेशमी कापडाची ख्याती परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांना मुंबई वसवावयाची होती, तेव्हा त्यांनी चौलकडच्या विणकरांना मुद्दाम बोलावून घेतले आणि त्यांच्या वस्तीची सोय केली. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे कौशल्य मुंबईला गेले, ते पहिल्यांदा हातमागाच्या रूपाने.

पुढे १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, आणि त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोकणातल्या किती घरांची चूल गिरणीच्या पगारावर पेटली, हे या सभेतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि नंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. योगायोग असा की, त्याच १९८२ साली आपल्याच जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठी पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना उभा राहिला. पुढे रोहे तालुक्यातच, नागोठण्याला, पेट्रोरसायनांचा प्रकल्प आला. कापसाचे कापड विणणारा हात रिकामा झाला आणि खनिज तेलापासून निघणारा धागा आपल्या दाराशी आला. तेव्हा कापडाच्या प्रश्नाशी आपला संबंध नाही, असे म्हणण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही.

आता पहिला भाग, नक्षीचा.

निसर्गापासून नक्षी घेणे म्हणजे काय? जास्वंदीचे फूल पाहिले, तसेच कागदावर उतरविले आणि कापडावर छापले, म्हणजे नक्षी झाली असे नव्हे. ते चित्र झाले. नक्षी होण्यासाठी त्या फुलाला आवर्तन सोसले पाहिजे. एकाशेजारी एक, एकाखाली एक असे शंभरदा आले तरी डोळा थकू नये, आणि दोन फुलांमधली मोकळी जागाही बोलकी व्हावी, ही नक्षीची कसोटी. आपली कोयरी पाहा. ती खऱ्या कैरीसारखी दिसत नाही, पण कैरीचा बाक तिच्यात अचूक पकडला आहे. पैठणीवरचा मोर रानातल्या मोराची प्रतिकृती नव्हे. ताण्याबाण्याच्या काटकोनात जेवढा मोर मावतो तेवढाच विणकराने घेतला आणि बाकीचा सोडून दिला. काय सोडावे हे ज्याला कळले, त्याला नक्षी कळली.

येथे एका चित्रकाराची आठवण होते. प्रभाकर बरवे हे कोकणातल्या नागावचे, जन्म १९३६ चा. आधुनिक चित्रकार म्हणून त्यांचे नाव मोठे आहे. परंतु १९६१ पासून सुमारे वीस वर्षे त्यांनी सरकारी विणकर सेवा केंद्रात, प्रथम बनारसला आणि नंतर मुंबईला, नोकरी केली, हे कमी लोकांना ठाऊक असते. ही केंद्रे १९५६ च्या सुमारास सुरू झाली. चित्रकार, रंगारी आणि विणकर यांनी एका छपराखाली काम करावे ही त्यामागची कल्पना होती. चित्रकाराने कागदावर काढलेली रेघ मागावर उतरते की नाही, हे विणकर त्याला तेथल्या तेथे सांगू शके. आजच्या होतकरू माणसाने यातून एवढेच घ्यावे की, ज्या कापडासाठी नक्षी काढावयाची ते कापड हाताला ओळखीचे झाल्यावाचून पेन्सिल उचलू नये.

मग आपल्याकडे नक्षीला विषय कोणते? खाडीकाठच्या कांदळवनात ओहोटीच्या वेळी जाऊन पाहा. चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळे हजारोंनी उभी असतात, जणू कोणी टाके घालून ठेवले आहेत. पेणकडची मिठागरे वरून पाहिली तर चौकटीच चौकटी, आणि प्रत्येक चौकटीतल्या पाण्याची छटा निराळी. भातखाचरांचे बांध कोठेही सरळ जात नाहीत; उताराला धरून वळतात, आणि त्या वळणातच त्यांचे सौंदर्य आहे. सह्याद्रीच्या उतारावर सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आहे. मुरूड आणि रोहे या तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. तेथे शेकरू आहे, आणि महाराष्ट्राने २०१५ साली राज्यफुलपाखरू म्हणून निवडलेले नीलवंतही आपल्या रानांत दिसते. हे सारे असताना आपण परदेशी फुलांच्या नक्षीच्या नकला करीत बसावे, यात शहाणपण नाही.

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. निसर्ग सर्वांचा आहे, पण माणसांनी निसर्ग पाहून निर्माण केलेली कला ही त्या त्या समाजाची असते. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती चित्रे उचलून ओढणीवर छापणे आणि त्या समाजातील कलावंताला काही न देणे, याला निसर्गप्रेरणा म्हणता येणार नाही. आपली नक्षी आपल्या डोळ्यांनी मिळवावी. ती स्वतंत्र असेल तर २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली तिची नोंदणी करता येते. संरक्षण प्रथम दहा वर्षे मिळते आणि पुढे पाच वर्षे वाढविता येते. फक्त नोंदणीचा अर्ज नक्षी बाजारात आणण्यापूर्वी करावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा भाग रंगाचा. येथे आपल्या तालुक्याचे एक नाते सांगण्यासारखे आहे. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव. जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. विनोबांचे सूतकताईवरील चिंतन आपल्याला माहीत असते. पण त्यांचे वडील नरहरपंत हे नोकरीनिमित्त बडोद्यास होते आणि त्यांना रसायनशास्त्राची, विशेषतः कापड रंगविण्याच्या प्रयोगांची मोठी आवड होती. कापडाच्या लहान तुकड्यांवर निरनिराळे रंग चढवावयाचे आणि कोणता टिकतो, कोणता उडतो, हे तपासून पाहावयाचे, हा त्यांचा नाद. म्हणजे ज्या धंद्याविषयी आपण बोलत आहोत, त्याची खरी प्रयोगशाळा गागोद्याच्या भाव्यांच्या घरात होती असे म्हणता येईल.

रंगाचा इतिहास थोडक्यात असा. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाला हिवतापावरील क्विनीन प्रयोगशाळेत बनविण्याच्या खटपटीत जांभळा रंग सापडला. १८६८ साली मंजिष्ठाच्या जातीच्या मुळातला तांबडा रंग जर्मन रसायनज्ञांनी कृत्रिम रीतीने तयार केला, आणि १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. त्यानंतर मुळे, साली आणि फुले उकळून रंग काढण्याचा आपला धंदा भराभर बसला. कारखान्यातला रंग स्वस्त, पक्का आणि दर वेळी सारखा निघणारा. गिऱ्हाइकाने तो घेतला यात त्याचा दोष नाही.

पण त्या स्वस्ताईची किंमत दुसरीकडे भरावी लागली. काही कृत्रिम रंग शरीरात घातक द्रव्ये सोडतात असे ध्यानात आल्यावर जर्मनीने १९९४ साली त्यांना मनाई केली, आणि भारत सरकारने १९९७ पर्यंत एकूण ११२ रंगद्रव्यांच्या हाताळणीवर बंदी घातली. आणि रंग चढल्यावर उरलेले पाणी कोठे जाते, हा प्रश्न तर उरलाच. त्याकडे मी तिसऱ्या भागात येणार आहे.

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, मग वनस्पतींचे रंग वापरावे म्हणजे झाले! इतके ते सोपे नाही. वनस्पतीज रंग म्हणजे आपोआप निष्पाप रंग, ही समजूत इतिहासाला धरून नाही. नीळ ही वनस्पतीच होती. पण बंगालात १८५९ साली रयतेने निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला, आणि १९१७ साली गांधीजींना चंपारण्याला जावे लागले, ते त्याच निळीपायी. रंग निर्मळ होता, पण त्याच्यामागचा व्यवहार जुलमी होता.

चंपारण्य दूरचे झाले. जवळचे उदाहरण आपल्या गावाबाहेरच्या वाडीवर आहे. कातकरी हे नावच मुळी कातापासून आले. खैराचा गाभा उकळून कात काढणारा तो कातकरी. कात हा खाण्याच्या पानात जातो, तसाच तो उत्तम तपकिरी रंगही आहे. इंग्रजी अमदानीत, १८७८ च्या वनकायद्यानंतर, जंगल सरकारी झाले, खैर तोडण्यावर बंधने आली आणि या समाजाचा पिढीजात धंदा गेला. त्यानंतर कोळशाची भट्टी, वीटभट्टी, उचल घेऊन हंगामभर घरदार सोडून राबणे, हे त्याच्या वाट्याला आले. पेण, सुधागड आणि रोहे या तालुक्यांत हे लोक आपले शेजारी आहेत. आता आपण तालुक्याच्या गावी दुकान थाटून काताच्या रंगाची ओढणी 'निसर्गाची देणगी' म्हणून विकणार असू, आणि ज्या जमातीच्या नावातच तो रंग आहे तिला त्या किमतीतला एक पैसाही पोचणार नसेल, तर त्या ओढणीला शुद्ध म्हणावे काय? याचे उत्तर प्रत्येकाने मनाशी द्यावे.

व्यवहारात यातून दोन नियम निघतात. पहिला, ज्यासाठी झाड तोडावे लागते किंवा खोडाची साल उतरवावी लागते, तो रंग घेऊ नये. मूळ उपटून मिळणाऱ्या रंगाबाबतही, ती वनस्पती लागवडीची असेल तरच तो घ्यावा. डाळिंबाची साल, कांद्याची टरफले, झेंडूची देवावरून उतरलेली फुले, गळून पडलेली पळसफुले आणि हिरडा, एवढ्यांवर पिवळ्यापासून काळ्यापर्यंत पुष्कळ छटा निघतात. दुसरा, रानातून जे आणावयाचे ते गोळा करणाऱ्याला भाव आधी ठरवून, रोख द्यावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासी समाजाचा हक्क मान्य केला आहे. तो माल घेणे म्हणजे उपकार करणे नव्हे, साधी खरेदी आहे.

रंग चढतो कसा, हेही समजून घेऊ. सुती कापडाला बहुतेक वनस्पतीज रंग थेट धरत नाहीत. प्रथम कापडाची खळ आणि तेलकटपणा काढावा लागतो. मग हिरड्याच्या पाण्यात बुचकळावे लागते. हिरड्यातले तुरट द्रव्य सुताला चिकटते. त्यावर तुरटी. तुरटी आणि हिरडा मिळून सुताच्या अंगी रंग पकडण्याची शक्ती आणतात. यालाच रंगबंधक म्हणतात. मग रंगाचे उकळते पाणी. तुरटीऐवजी लोखंडाचे पाणी वापरले, म्हणजे गूळ आणि गंजके लोखंड पाण्यात दोन-तीन आठवडे मुरवून काढलेले, तर हिरड्यावर काळा रंग येतो. जुने रंगारी हे सारे करीत. परंतु त्यानंतरच्या काळात मोरचूद आणि क्रोमियमचे क्षार हेही रंगबंधक म्हणून शिरले. रंग पळसाचा आणि बंधक क्रोमचा, असा माल 'नैसर्गिक' म्हणून खपतो. त्यापासून दूर राहावे. तुरटी आणि लोखंड यांपलीकडे जाऊ नये.

आणि हळदीविषयी एक शब्द. हळदीचा पिवळा रंग डोळ्यांत भरतो, पण उन्हात टिकत नाही. पळसाचाही भरवसा कमीच. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. दुकानात पहिल्या दिवशी थोडी विक्री कमी होईल. पण तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल.

तिसरा भाग पाण्याचा. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा.

रोहेकरांना कुंडलिका किती जिव्हाळ्याची आहे हे मी काय सांगावे? भिऱ्याचे वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या धरणाचे पाणी तेथे वीज निर्माण करून खाली नदीत येते, म्हणून उन्हाळ्यातही कुंडलिका वाहती राहते. अशी नदी कोकणात विरळा. याच नदीच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत झाली. रसायनांचे कारखाने आले, लोकांना काम मिळाले, गाव वाढले. पण २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा त्यांतले ५३ महाराष्ट्रातले निघाले, आणि त्यांत कुंडलिकेचे नाव होते. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याला ही यादी वाचावी लागली नाही.

मोठ्या कारखान्याकडे बोट दाखविणे सोपे असते. पण घरगुती रंगारीही पाणी वापरतोच. किती वापरतो, हे मोजू या. एक किलो कापड भिजवावयास साधारण वीस लिटर पाणी लागते. खळ काढणे, हिरडा, तुरटी, रंग आणि दोन वेळा धुणे अशा सहा पायऱ्या धरल्या तर एकशे वीस लिटर झाले. सुती साडी अर्ध्या किलोची धरली तर साडीमागे साठ लिटर. म्हणजे रंग वनस्पतीचा असला म्हणून पाणी वाचते असे मुळीच नाही.

मग उपाय काय? उपाय आपल्या डोक्यावर पडतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तीन मीटर पाणी पडले तर तीनशे घनमीटर, म्हणजे तीन लाख लिटर होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी दोन लाख चाळीस हजार लिटर हाती लागते. एवढे साठविणे कोणाला परवडणार नाही. परंतु वीस हजार लिटरची टाकी बांधली तरी तीनशे तेहतीस साड्यांची सोय झाली. शिवाय पावसाचे पाणी मृदू असते. विहिरीच्या पाण्यातला चुना आणि लोह रंगाची छटा बिघडवितात, पावसाचे पाणी ती जशीच्या तशी ठेवते. हंगामही सोयीचा आहे. पावसाळ्यात कापड वाळत नाही म्हणून रंगकाम बंद, तेव्हा टाकी भरावी आणि नक्षी काढावी. दिवाळीनंतर मेअखेरपर्यंत रंगवावे. शेतकरी जसा ऋतू पाहून काम आखतो, तसाच हा धंदा आखता येतो.

उरलेल्या पाण्याची व्यवस्था अशी. तुरटीचे पाणी फेकू नये. त्यात थोडी नवी तुरटी घालून ते पुन्हा वापरता येते. अगदी टाकावयाची वेळ आली तर त्यात चुन्याची निवळी बेताने घालावी. तुरटीतला धातू साका होऊन खाली बसतो. वरचे पाणी निवळल्यावर मग बाहेर जाऊ द्यावे, आणि साका वाळवून वेगळा ठेवावा. गटारात, ओढ्यात किंवा खाडीत काहीही सोडू नये. काम लहान आहे तोवर हे दोन पिंपांत भागते. पुढे काम वाढले तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागेल. ती आधी घ्यावी, नोटीस आल्यावर नव्हे.

'आधी' या शब्दावर मी भर देतो, आणि त्याचे कारण पेण आहे. पेणच्या गणेशमूर्तींनी या गावाचे नाव समुद्रापलीकडे नेले. साच्याचे कौशल्य, डोळ्यांची आखणी, रंगाचा हात, हे सारे येथे पिढ्यान्‌पिढ्या मुरले आहे. आरंभीची मूर्ती मातीची. पुढे प्लास्टर आले. ते हलके, लवकर वाळणारे, स्वस्त आणि दूर पाठविण्यास सोयीचे. मागणी वाढली तसा हजारो घरांचा संसार त्याच्यावर उभा राहिला. मग पाण्याचा प्रश्न पुढे आला. केंद्रीय मंडळाने २०१० साली विसर्जनाविषयी तत्त्वे घालून दिली, २०२० साली ती अधिक कडक करून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. कारागीर हवालदिल झाले. २०२५ च्या जून महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास आणि विकण्यास मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलाशयात त्यांचे विसर्जन होऊ नये असे बजावले.

या वादात कोणाची बाजू बरोबर, याचा निवाडा मी करीत नाही. कारागिराचे पोट खरे आहे आणि तलावाचे पाणीही खरे आहे. मला त्यातला धडा तेवढा घ्यावयाचा आहे. धंद्याच्या आरंभी आपण जो माल हाती घेतो, तोच पुढे आपले नशीब ठरवितो. दहा माणसांचे काम असताना माल बदलणे सोपे असते. दहा हजार माणसे अवलंबून झाली म्हणजे तेच बदलणे म्हणजे गावावर संकट. म्हणून जो आज आरंभ करीत आहे, त्याने पहिल्या दिवसापासून निर्मळ माल घ्यावा. नंतर मोठे झाल्यावर सुधारू, हा विचार फार महाग पडतो.

शेवटचा भाग हिशेबाचा. रोह्याशी नाते असलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. अशा गावाला हिशेब शिकवू जाणे म्हणजे धाडसच! तरीही चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वहीची. प्रत्येक रंगासाठी कापडाचे वजन, हिरडा, तुरटी, पाणी, वेळ आणि निघालेली छटा लिहावी आणि कापडाचा तुकडा शेजारी चिकटवावा. तसाच एक तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून पंधरा दिवस उन्हात ठेवावा; झाकलेली आणि उघडी बाजू ताडून पाहिली की रंगाचे खरे वय कळते. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. नरहरपंत भाव्यांचा नाद होता तोच हा.

दुसरी गोष्ट मजुरीची. घरगुती धंद्यात घरच्या बायकांचे श्रम शून्य रुपयांचे धरतात आणि मग नफा झाला असे म्हणतात. तो नफा नव्हे, ती न दिलेली मजुरी. शंभर ओढण्या रंगविल्या आणि दहा डागाळल्या, तर नव्वदांच्या किमतीतून शंभरांचा खर्च आणि सगळ्यांची मजुरी निघाली पाहिजे. ही किंमत गिरणीच्या मालाहून अधिक येणार. ती लपवू नये, समजावून सांगावी.

तिसरी गोष्ट कापडाची. आपल्याकडे कापूस नाही, तेव्हा कापड बाहेरून येणार. ते कोठून येते हे ठाऊक असावे. वर्ध्याच्या गोपुरीला विनोबांच्या प्रेरणेने १९३४ साली ग्रामसेवा मंडळ निघाले. त्याच गावी मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन गांधीजींनी १९३८ साली केले. सेंद्रिय कापसाची खादी आणि वनस्पतीज रंग यांचे काम वर्ध्याने आपल्या काळापर्यंत चालवीत आणले आहे. होतकरूने तेथे जाऊन एकदा पाहून यावे. आपल्या विदर्भाचा कापूस आणि आपल्या कोकणची नक्षी, हा जोड महाराष्ट्राला शोभेल. पॉलिएस्टरला मी शिव्या देत नाही. ते टिकते, लवकर वाळते, गरिबाला परवडते. पण दर धुण्यागणिक त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात आणि ते कुजत नाहीत. त्यावर पळसाचे फूल छापून ते निसर्गाचे कापड म्हणून विकणे, एवढ्याला माझी हरकत आहे.

चौथी गोष्ट भांडवलाची. खादी आयोगामार्फत २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत ग्रामीण भागातील स्त्रियांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले होते. चालू अटी अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचाराव्यात. पण माझा आग्रह असा की, पहिले वर्ष कर्जावाचून काढावे. एकच जातीचे कापड, तीन नक्षी, चार रंग. एवढ्यावर हात बसू द्यावा. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो, २०२४ साली अटल सेतू झाल्यापासून पेण मुंबईच्या आणखी जवळ आले; बाजार दूर नाही. चौलचे विणकर मुंबईला गेले ते बाजारासाठी. आज बाजारच आपल्याकडे येत आहे, तेव्हा कारागिराला गाव सोडण्याचे कारण नाही.

एक शंका राहते. अशा लहानशा धंद्याने कुंडलिका स्वच्छ होईल काय? होणार नाही. साऱ्या देशाचे कापड फुलापानांनी रंगवू म्हटले तर रानेच्या राने उकळावी लागतील. तेही होणे नाही आणि होऊ नये. मोठे उद्योग राहणार, आणि त्यांच्या पाण्यावर कायद्याची नजरही राहिली पाहिजे. पण ज्या गावात पाच-पंचवीस घरे आपले पाणी स्वतः निवळून सोडतात, त्या गावाला दुसऱ्याच्या पाण्याविषयी बोलण्याचा अधिकार येतो, आणि बोलताना काय मागावयाचे याचे ज्ञानही येते. कोणत्या द्रव्याचा साका बसतो, कोणते तसेच वाहून जाते, खर्च किती येतो, हे जो रोज हाताने करतो त्याला कोणी थापा मारून परत पाठवू शकत नाही. असा जाणता नागरिक तयार होणे, हा या धंद्याचा मला सर्वांत मोठा नफा वाटतो.